ओसरीवर अडलेली माहिती

काका पुतण्यापेक्षा वयाने लहान असण्यात आमच्या पिढीला काही नवल वाटत नसे. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात आजी आणि तिची थोरली सून एकाच पावसाळ्यात बाळंत झाल्या होत्या. दोघींची शेकशेगडी एकाच खोलीत, डिंकाचे लाडू एकाच डब्यातले. 1955 च्या आगेमागे जन्मलेल्यांनी घरातल्या जुन्या माणसांना विचारावं, अशी एखादी जोडी निघेलच. आपली बाळंतपणं किती झाली हे आजी बोटांवर मोजून सांगायची आणि मोजता मोजता मध्येच एका बोटावर थांबायची. ते मूल कुठलं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आणि याच वाड्यात संततिनियमनावरचं मराठीतलं त्या काळचं सगळ्यात धीट लेखन कपाटात होतं! आजोबा वकील. र. धों. कर्व्यांनी 1927 च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, तेव्हापासूनचे ते वाचक. मुखपृष्ठावर नग्न चित्र असायचं, म्हणून प्रत्येक अंकाला वर्तमानपत्राचं कव्हर. कर्व्यांनी 1921 मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं, आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली होती. ‘समाजस्वास्थ्य’वरच्या 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, हे आजोबा स्वतःच्या अशिलाची गोष्ट सांगावी तशा अभिमानाने सांगत. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही आंबेडकरांच्या पुढाकाराने. ठराव पडला. त्यावर आमच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत वाद रंगला होता म्हणे. आत माजघरात आजीला तेव्हा पाचवा महिना होता.

आजोबा वाईट नव्हते. पण ओसरी आणि माजघर यांच्यामधला उंबरठा ओलांडून ती माहिती आत जावी, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. आतल्या बायकांचं शास्त्र वेगळं होतं: अंगावर पाजत असलं की दिवस राहत नाहीत, पपई खाल्ली की सुटका होते. आणि त्यापलीकडे, कुजबुजत सांगितली जाणारी, कुणा बाईकडची काडीमुळी, जिच्यात कुणाची तरी लेक गेलेली असायची. पाजण्याच्या समजुतीत तथ्य आहे, पण तीन अटींसकट: मूल सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको आणि बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरचं काही दिलेलं नको. आमच्या घरी तिसऱ्याच महिन्यात बाळाला वरचं दूध सुरू व्हायचं. शास्त्र तिथेच फसायचं.

मग भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. एस. टी. स्टँडवर, चावडीवर, काड्यापेटीवर, टपालाच्या तिकिटावर, तंबूतल्या सिनेमाआधीच्या सरकारी रिळात. 1968 मध्ये निरोध आला, 15 पैशांना तीन. चहापत्ती आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो वाण्याच्या दुकानापर्यंत पोचला. आम्हा पोरांना तो फुग्याच्या रूपातच ठाऊक होता. फुगवून गल्लीत उडवताना मोठी माणसं एवढी का भडकतात, ते पुष्कळ उशिरा उमगलं.

थोरल्या काकूने 1966 मध्ये लूप बसवून घेतला. प्लॅस्टिकचा, आदल्याच वर्षी सरकारी कार्यक्रमात आलेला. दोन महिने अंगावरून जात राहिलं. असं होऊ शकतं, हे कुणी आधी बोललं नव्हतं आणि नंतर तपासायला कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी काढून टाकला आणि काकूने सगळ्या आळीला बजावलं की त्या वाटेला जाऊ नका. लूप पोटातून वर चढून काळजात जातो, ही भर तिच्या बजावणीत कुणी घातली देव जाणे. पुढची काही वर्षं आमच्या आळीत सरकारी जीपच्या कोणत्याही भोंग्याचा उपयोग नव्हता.

तो वचक मोडला एका सिस्टरने. माझी बहीण शाळा सोडून साडी नेसायला लागली होती, म्हणजे सत्तरीचं दशक अर्धं झालं असेल. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पायात धुळीने रंग गेलेल्या चपला. पहिल्यांदा आली ती बाळाला लस द्यायला. आली ती परसदारातून, थेट चुलीपाशी. पाटावर बसली, चहा घेतला आणि धाकट्या काकूला म्हणाली, “वहिनी, आता मध्ये काही ठेवायचं की नाही?” असा प्रश्न त्या माजघरात पहिल्यांदाच कुणी केला असेल. आजीने तोंडाला पदर लावला, पण उठून गेली नाही.

सिस्टरने पिशवीतून तांबी काढून काकूच्या तळहातावर ठेवली. पहिले दोन-तीन महिने पाळीत जास्त जाईल, ओटीपोट दुखेल, असं आधीच सांगून टाकलं. दोरा लागत नसेल, घाण वास येणारं जात असेल किंवा पाळी चुकली तर त्याच दिवशी ये. काळजात काही चढत नाही, ती गर्भाच्या पिशवीत बसते आणि तिथून काळजाकडे जायला वाट नाही, हे तिने राखेवर बोटाने आकृती काढून दाखवलं. थोरल्या काकूने मागून विचारलं, “मग माझ्या वेळी का नाही कुणी सांगितलं?” सिस्टर म्हणाली, “सांगायला हवं होतं.” एवढंच. कसलीही सारवासारव केली नाही. माझ्या मते आमच्या आळीत कुटुंबनियोजन सुरू झालं ते त्या क्षणी.

पण सरकारला घाई होती. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. शाळामास्तर असलेल्या आमच्या मामाला ‘केसेस’ आणायला सांगितलं होतं, नाहीतर पगार अडणार. मामा संध्याकाळी सायकल घेऊन वस्त्यांवर फिरायचा आणि लोक त्याला पाहून ज्वारीत पळायचे. 1977 नंतर खात्याचं नाव कुटुंबकल्याण झालं, पुरुष त्या खात्यातून जे उठून गेले ते गेलेच. उरल्या बायका. ऐंशीच्या दशकात थंडीत शिबिरं लागायची, बिनटाक्याच्या ऑपरेशनची. शाळेच्या वर्गात जमिनीवर ओळीने झोपवलेल्या माझ्या दोन वहिन्या मला आठवतात. उशाला शिऱ्याचा डबा. आमची सिस्टरसुद्धा तेव्हा बदलली. मार्च जवळ आला की तिच्या पिशवीतून बाकीची साधनं दिसेनाशी व्हायची आणि ती फक्त ऑपरेशनचंच बोलायची. उद्दिष्टाचा आकडा तिच्याही डोक्यावर होता. ती उद्दिष्टं 1996 मध्ये कागदोपत्री गेली.

माझी भाची आता स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिच्या टेबलावर जागतिक आरोग्य संघटनेची एक पुठ्ठ्याची चकती असते. बाईला काय त्रास आहे ते बघून चकती फिरवायची आणि प्रत्येक साधनासमोर एक ते चारपैकी आकडा वाचायचा. एक म्हणजे खुशाल वापरा, चार म्हणजे मुळीच नको. वाढलेलं ब्लडप्रेशर असेल तर माला-डीसारख्या मिश्र गोळ्यांसमोर तीन किंवा चार, तांबीसमोर एक. धाकट्या काकूला तांबी काढल्यावर ब्लडप्रेशर असूनही कित्येक वर्षं अशाच गोळ्या चालू होत्या. पट्टा बांधून प्रेशर बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. भाचीने हे ऐकून चकती तशीच उलटी ठेवली.

साधनं आज भरपूर आहेत. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली छाया गोळी, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येणारी तांबी. 2017 पासून छाया आणि अंतरा सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के स्वतःच्या ऑपरेशनवर विसंबून होत्या आणि नवऱ्याच्या नसबंदीवर 0.3 टक्के. हा फरक पाहिला की वाटतं, सांगणारे अजून अर्धंच सांगतात.

म्हणून दवाखान्यांत, उपकेंद्रांत बसणाऱ्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना एकच विनंती. समोरच्या बाईला ऑपरेशनची तारीख देण्याआधी सगळी साधनं तिच्या तळहातावर ठेवा, प्रत्येकाचा त्रासही आधी सांगा, प्रेशर मोजा. आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याला आत बोलवा. त्याच्या ऑपरेशनला आता टाका पडत नाही, तो त्याच दिवशी घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.