कोंबाआधीचा तंतू

मॉस लावणाऱ्याचं सगळं लक्ष कोंबाकडे असतं, आणि बरीचशी लागवड तिथंच फसते. बीजाणू रुजला की आधी निघतो तो पेशीमागे पेशी जोडलेला, केसाहून बारीक हिरवा तंतू. ओल्या पृष्ठभागावर तो फांद्या फोडत जाळ्यासारखा पसरतो. मग पेशींमध्ये तिरपे पडदे असलेल्या, भरभर लांबणाऱ्या शाखा येतात आणि त्यांच्यावर अधूनमधून एखादी बाजूची पेशी फुगून कळी, म्हणजे कोंबाची सुरुवात, होते. सायटोकायनिन हे वनस्पती-संप्रेरक दिलं की कळ्यांची संख्या वाढते, हे प्रयोगशाळेत फ्युनेरिया या मॉसवर दिसलेलं आहे. कळीच्या टोकाची एकच पेशी आळीपाळीनं तीन बाजूंना नव्या पेशी देत राहते आणि त्या प्रत्येकीतून एकेक पान घडतं. एकाच जाळ्यावर असे कितीतरी कोंब दाटीनं उठतात, आणि त्या दाटीच्या फटींतच पाणी टिकतं. मॉसला खरी मुळं नाहीत, एकटा कोंब पाहता पाहता सुकतो. म्हणून मशागत करायची ती जाळ्याची.

यावर कोणी म्हणेल, मॉसचा चुराही रुजतो, मग तंतूचं एवढं कौतुक कशाला? रुजतो खरा, पण कसा? फिस्कोमिट्रियम या मॉसचं पान कापलं तर कडेच्या पेशी आधी तंतू होतात, कोंब त्यानंतर. ही पुन्हा वाढण्याची ताकद अफाट आहे: अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरच्या गोठलेल्या थरातलं, १५०० वर्षांहून जुनं मॉस पुन्हा वाढल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. ताक घालून वाटलेला चुरा लावायची पद्धत आहे; तो रुजला तर त्याचं श्रेयही मी ताकाला नाही, चुऱ्यालाच देईन. मॉस आपलं अन्न स्वतः बनवतं. ताकावर पोसते ती बुरशी, आणि ती कोवळ्या तंतूंवर चढते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यावरच्या, म्हणजे दगडी कुंपणावरच्या, मॉसची मशागत कोण करतं? कोणीच नाही, आणि तिथं गरजही नसते. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा, हवा दमट, वर्षानुवर्षं कोणी खरवडत नाही. पहिल्या पावसात हिरवं होतं त्यातलं बरंचसं तर जुनंच, सुकून थांबलेलं मॉस असतं. शहरातल्या गच्चीवर यातलं काही आयतं मिळत नाही. तिथं खडबडीत, न हलणारा पृष्ठभाग द्यावा, सावली धरावी, झारीची धार टाळून बारीक फवारा मारावा, आणि नुसता हिरवट थर, म्हणजे तंतूंचं जाळं, दिसतोय तोवर बोट लावू नये. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बोन्सायच्या कुंडीत दाबून बसवलेलं मॉस ही वेगळी बाब. तिथं वाढ कोणाला हवीच नसते.