निळ्याची ओल

माझं पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं शूटिंग पेनड्राइव्हवर दिलं. मी ते स्टुडिओत लावून बसले. यकृत विटकरी, चरबी लोण्यासारखी पिवळी, आणि मधोमध ती दुखरी पिशवी चक्क निळसर हिरवी. सगळं ओलं, दिव्यात लकाकणारं. लाल अगदी कमी.

आठ वर्षं मी पोटातलं रंगवायचं म्हणून क्रिमसनच्या ट्यूबा पिळत होते. बघणारे म्हणायचे, 'केवढा राग आहे यात!' राग? मला किळस हवी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांचे रंग दिलेत: रौद्राचा लाल, बीभत्साचा निळा. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. कळायला पोटाला भोकं पडावी लागली.

शाईम सूटिन १९२५च्या सुमारास पॅरिसच्या स्टुडिओत बैलाचं सोललेलं धड टांगून रंगवायचा. मांस सुकलं की त्यावर रक्त ओतायचा. वासाने शेजारी हैराण. लोकांना तो विक्षिप्त वाटतो, मला चोख कारागीर. त्याची धडपड ओल टिकवायची होती. अर्थात माझी ही सगळी थिअरी सोमनाथ होर एका फटक्यात मोडतात: त्यांच्या 'वूंड्स'मध्ये कागदाचा पांढरा लगदा आणि त्यावर चिरा, चरे. पांढऱ्यावर पांढरं, तरी बघवत नाही.

माझ्यात तेवढा संयम नाही. मी मटणवाल्याकडून वजडी आणते. तो विचारतो, ''ताई, साफ करून देऊ?'' नको म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघतो. न धुतलेल्या वजडीच्या घड्यांत जो करडा-निळा असतो, तो धुतल्यावर जातो. आधी इंडिगोचा पातळ हात, वाळला की पांढऱ्यात कणभर पिवळा. चकाकी तीन-चार जागीच. सगळीकडे वॉर्निश फासलं तर खाटकाचं दुकान, अजिबात नाही लावलं तर शाळेतला शरीरशास्त्राचा तक्ता.

जवसाचं तेल जास्त झालं की रंगाला वरून साय धरते, ती सुरकुतते आणि आत रंग ओलाच राहतो. कॉलेजात यासाठी बोलणी खाल्ली होती. आता मुद्दाम करते. परवा मावशी आली होती. 'हे काय गं?' म्हणत तिने बोट लावलं, ते आत रुतलं. मग जाईपर्यंत ती पदराला बोट पुसत राहिली.