हळदीची झाक

गुरूचा चंद्र आयो सध्या माझ्या स्क्रीनवर तीन चौकटींत पडून आहे. गॅलिलिओ यानाने एक चौकट लाल फिल्टरमधून टिपली, एक हिरव्यातून, एक जांभळ्यातून. प्रत्येकी 800 बाय 800 ठिपके, तिन्ही कृष्णधवल. नासाच्या संग्रहातून त्या कुणालाही फुकट मिळतात. त्या एकमेकींवर बसवून, आपण तिथे असतो तर आयो कसा दिसला असता तो रंग काढायचा, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. परवा कंटाळून सॉफ्टवेअरचं 'ऑटो' बटण दाबलं. पिवळा आयो राखाडी झाला, त्यावरचं पांढुरकं हिम निळसर. आणि कानात आवाज आला, "हळद धुतलीस की रं लेका!"

1987 साल. कोल्हापुरातली एक कलर लॅब, मी एकोणीस वर्षांचा. तिथल्या प्रिंटरला सगळे मामा म्हणत. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना ज्या रंगाची झाक जास्त, त्याच रंगाचा फिल्टर एनलार्जरमध्ये वाढवायचा, हा उलटा हिशेब त्यांनी मला आठवड्यात शिकवला. एकदा ते जेवायला गेले असताना मी लग्नाचा एक अख्खा रोल एकट्याने काढला. सगळं पिवळं दिसत होतं, म्हणून पिवळा फिल्टर वाढवत नेला. छत्तीस प्रिंट. हळदीच्या पाटावरची नवरी पीठ माखल्यासारखी दिसत होती.

मामा ओरडले नाहीत. एक प्रिंट खिडकीशी नेला आणि नवरीच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो झाकला. "आता मागची चुन्याची भिंत बघ. निळी पडली का न्हाई? झाक सगळ्यांवर पडती. हळद एकटीच्या अंगावर असती."

कागदाचे पैसे त्यांनी आपल्या पगारातून भरले. मला ते महिन्याभराने कॅशियरकडून कळलं. विचारलं तर म्हणाले, "चहा सांग."

आयोवर चुन्याची भिंत नाही, हीच अडचण. सल्फर डायऑक्साइडचं हिम पांढरं धरावं असा मोह होतो, पण तेही किंचित पिवळट असतं. त्याला पांढरं केलं की बाकी सगळं बिघडतं. म्हणून पांढरा धरायचा तो सूर्यप्रकाश. कॅमेऱ्याचा प्रत्येक फिल्टर किती प्रकाश आत सोडतो ते मोजलेलं असतं, त्या हिशेबाने तिन्ही चौकटी तोलायच्या. तरी घोळ उरतोच. या कॅमेऱ्यात निळा फिल्टर नाही, 404 नॅनोमीटरचा जांभळा आहे, आणि आयोवरचं गंधक जांभळा प्रकाश गिळून टाकतं. निळ्याच्या जागी जांभळी चौकट तशीच बसवली, तर चंद्र भडक होतो. मी तिच्यात थोडी हिरवी मिसळतो आणि पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी घेतलेल्या वर्णपटाशी ताडून बघतो. चौकटी टिपताना यान फिरत होतं, आयोही फिरत होता, त्यामुळे कडांना लाल-हिरवी किनार सुटते. ती जुळवण्यात संध्याकाळ जाते.

निघतो तो फिकट, जरासा हिरवट पिवळा. लिंबाच्या सालीसारखा. 1979 साली व्हॉयेजर 1 ने जो नारंगी, पिझ्झासारखा आयो जगाला दाखवला, तो डोक्यातून जाता जात नाही. त्या कॅमेऱ्याला लाल रंग नीट दिसतच नव्हता, नारंगी फिल्टरवर भागवलं होतं. लोकांना अजून तोच खरा वाटतो. माझा फिका चंद्र बघून मुलगा म्हणाला, "बाबा, रंग थोडा वाढवा ना." वाढवला नाही.

मामांचा आणखी एक दंडक होता. कलर प्रिंट ओला असताना निळसर दिसतो, शिवाय रात्री डोळे दमलेले असतात. म्हणून प्रिंट रात्री पास करायचा नाही. सकाळी उत्तरेच्या खिडकीत, चहा झाल्यावर. दहा वर्षांपूर्वी मामा गेले. कागदाचे पैसे मी कधी परत केले नाहीत, आणि त्यांनी घेतलेही नसते.

रात्रीचे साडेअकरा झालेत. फाईल ठेवून देतो. तिला नाव दिलंय 'आयो, ओला'.