उद्याचं विरजण

"का बनावत हस गा?" दूध घालायला येणाऱ्या पोराने नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी "गाडी" एवढंच म्हणालो. तो हसला. हसणारच, कारण अंगणात तेव्हा दोन विटांवर टेकवलेली एक लांब नळी आणि फरशीवर खडूने ओढलेली रेघ याशिवाय काही नव्हतं. आता त्याचं लग्न झालंय, दूध त्याचा धाकटा भाऊ घालतो आणि प्रश्न तोच आहे. उत्तर मात्र साडेपाच मीटर लांब झालंय. एका माणसापुरती, जमिनीला चिकटून बसलेली, सरळ रेषेत जितकी पळता येईल तितकी पळवायची अशी गाडी. वळण्याच्या कामाची नाही. भाजी आणायच्या तर मुळीच नाही.

माझे बाबा १९५७ साली वरुडहून भिलाईला आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा ते गर्दीत अगदी मागे उभे होते आणि त्यांना काहीही दिसलं नाही, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. पुढे मीही त्याच कारखान्यात फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली. आमचं गाव रूळ बनवतं. जोडून २६० मीटर लांब केलेले रूळ इथून देशभर जातात. दुसऱ्यांना धावता यावं म्हणून सरळ रेघा तयार करणाऱ्या गावात एखाद्याला स्वतःच सरळ धावायची हौस लागली, तर त्यात फारसं नवल नसावं. बायकोला मात्र नवल वाटतं.

हौस लागली ती एका गैरसमजातून. सुपेल्याच्या बाजारात हातगाडीवर मला 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' नावाच्या सिनेमाची सीडी दिसली. आपलाच कोणीतरी सर्वांत वेगवान निघाला या आनंदात मी ती घेतली. घरी येऊन लावली तर त्यात भारतीय कुणीच नाही. 'इंडियन' हे अमेरिकेतल्या मोटरसायकलच्या कंपनीचं नाव, आणि माणूस न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचा, बर्ट मन्रो. त्याने १९२० साली इंडियन स्काउट विकत घेतली. नवी असताना ती ताशी नव्वद किलोमीटरच्याही आतच होती. शेडमध्ये बसून तो ती पुढची चार-साडेचार दशकं बदलत राहिला. पिस्टन स्वतः ओतले. कनेक्टिंग रॉड हाताने घासून केले. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर १००० सीसीच्या आतल्या वर्गात त्याने ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. मजा पुढेच आहे. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना तेव्हा हिशेबात चूक झाली होती. ती त्याच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये आकडा दुरुस्त होऊन थोडा वाढला. म्हणजे मेल्यानंतर छत्तीस वर्षांनी मन्रोचा वेग वाढला. सिनेमात हे नाही, कारण सिनेमा २००५ चा.

मी निवृत्त झालो २०१६ साली आणि महिनाभरात कामाला लागलो. भंगारातून मारुती ८०० चं इंजिन मिळालं, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. सदतीस अश्वशक्ती म्हटल्यावर लोक तोंड फिरवतात. पण हवा काय मागते ते नीट पाहावं. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा हवेला कमी अंग दाखवणं स्वस्त पडतं. माणूस जवळजवळ आडवा झोपवला, चाकं झाकली, नाक निमुळतं केलं, तर याच इंजिनावर ताशी २०० किलोमीटर कागदावर तरी बसतात. १८९९ साली कामिल जेनात्झीने मोटारगाडीला पहिल्यांदा ताशी शंभराच्या पलीकडे नेलं. त्याची गाडी विजेवर चालणारी आणि पाणतीरासारखी निमुळती होती, पण तो स्वतः तिच्या पाठीवर कमरेपासून वर उघडा, सरळ ताठ बसला होता. फोटो पाहिला की हसू येतं. सगळी हवा त्याच्या छातीवर.

मन्रोच्या शेडमध्ये एक फळी होती. तिच्यावर तुटलेले, वितळलेले, फाटलेले भाग रचून ठेवलेले आणि लिहिलेलं, 'वेगाच्या देवाला नैवेद्य'. ही फळी मी उचलली, म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा केला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा बायको पान्यांना हळद-कुंकू लावते, तसं या डब्यालाही लावते. त्या डब्यात तिचा कुकर आहे. जुन्या कुकरचं ॲल्युमिनियम वितळवून मी इंजिन धरणारा एक कंस ओतला होता. थंड होताना त्याला तडा गेला. तिने अजून विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. नवीन कुकर आणला तो मात्र तिने तीन दुकानं फिरायला लावून, सर्वांत महागाचा.

हे सगळं खरं तर दोघांचं काम होतं. कारखान्यात माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे एक वेल्डर होते, गोंदियाकडचे. मी त्यांना दादा म्हणतो. पातळ नळीवर त्यांच्यासारखा टाका मारणारा मी पाहिला नाही. सांगाड्याचा पहिला अर्धा भाग त्यांचा. ते नेहमी सांगायचे, "एकीकडे टाका मारला की दुसऱ्या बाजूला जायचं. लोखंडाला एकाच बाजूने तापवलं तर ते तिकडंच तोंड वळवते, माणसासारखं." २०२२ मध्ये गुडघे गेले म्हणून मुलीने त्यांना पुण्याला नेलं. भिलाईत आमच्या वयाच्या लोकांचं असंच होतं. सेक्टरमधले क्वार्टर सुटतात, मुलं पुण्या-बंगळुरूला असतात, आणि एक एक माणूस रेल्वेत बसतो.

ते गेले त्या आठवड्यात मी घाई केली. एकटाच आहे, तर पटकन उरकू, असं वाटलं. सांगाड्याची डावी बाजू एका दुपारी सलग वेल्ड करून टाकली. संध्याकाळी दोरी ताणून मोजलं तर नाक अकरा मिलिमीटर डावीकडे गेलं होतं. अंगणात अकरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. दोनशेच्या वेगाला ती शेताकडची दिशा आहे. मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि ती सात महिने काढली नाही. खाली मांजरीने पिल्लं दिली.

दर रविवारी अकराला दादांचा फोन येई. "कुठवर आलं रे?" पहिल्या रविवारी मी म्हणालो, "पुढचा भाग झाला." तोंडातून निघून गेलं. पुढच्या रविवारी, "स्टिअरिंग बसवलं." ते इतके खूश व्हायचे की मागे फिरणं अवघड झालं. ताडपत्रीखाली वाकडा सांगाडा आणि मांजरीची पिल्लं, आणि पुण्यात माझी गाडी महिन्याला हातभर पुढे सरकतेय. मग एकदा ते म्हणाले, "फोटो धाड ना स्टिअरिंगचा." त्या रात्री मी ताडपत्री काढली.

लोक अशा वेळी जिद्द वगैरे म्हणतात. जिद्द हा सत्कार समारंभातला शब्द आहे. नारळ आणि शालीबरोबर तो शोभतो. पहाटे साडेपाचला, थंडीत, ग्राइंडर हातात घेऊन स्वतःचंच वेल्डिंग कापायला बसताना तो कामाला येत नाही. मला कामाला आली ती लाज. रविवारी सांगितलेलं खोटं पुढच्या रविवारपर्यंत खरं करायचं, एवढंच माझं वेळापत्रक. ते कधी पूर्ण गाठता आलं नाही. माझं खोटं कायम दोन-तीन आठवडे पुढे धावत राहिलं.

दुसरी गोष्ट कामाला आली ती स्वयंपाकघरातली. बायको रोज रात्री दही लावते आणि आधी उद्यासाठी चमचाभर विरजण बाजूला काढते. पातेलं चाटूनपुसून रिकामं करत नाही. मराठीत उत्साहावर विरजण पडतं, पण माझ्याकडे उलटं झालं. मीही संध्याकाळी काम पुरतं संपवणं सोडलं. नळी मापून, खूण करून, शिकंज्यात अडकवून ठेवायची, कापायची नाही. सकाळी चहा घेऊन बाहेर आलं की ती वाट पाहत असते. काय करायचं हा प्रश्नच नाही, हात आपोआप करवतीकडे जातो. ज्या रात्री मी असं काही ठेवत नाही, त्याच्या सकाळी पेपर वाचण्यात दहा वाजतात.

मधल्या काळात अमोल यादवांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कॅप्टन यादव पेशाने वैमानिक. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. आधीचे प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि त्याची सरकारी नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. बातम्या सगळ्या विमानाच्या होत्या. मी विचार करायचो तो जिन्याचा. सामान जिन्याने वर न्यायचं, आणि तयार झालेली वस्तू जिन्याने खाली येणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असायचं. ती शेवटी क्रेनने उतरवली गेली. तरीही वर नेत राहायचं.

माझाही एक जिना आहे. गाडी पळवायची कुठे? मागच्या पावसाळ्यात वीज गेली असताना मी नीट हिशेब मांडला. साडेपाचशे किलोची गाडी सदतीस घोड्यांनी दोनशेपर्यंत न्यायला दोन किलोमीटर सहज लागतात. मग मोजायचं अंतर, मग थांबायला जागा. सुरक्षित म्हणायचं तर तीन किलोमीटर सपाट, सरळ आणि रिकामं. ज्या धावपट्टीची मी आशा धरून होतो, ती या हिशेबात तोकडी पडते. एका कचेरीत परवानगीचा अर्ज घेऊन गेलो होतो, तिथल्या साहेबांनी गाडीला नंबरप्लेट आहे का एवढंच विचारलं. कच्छचं रण पांढरंशुभ्र दिसतं, पण वरच्या मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. दक्षिण आफ्रिकेत ब्लडहाउंड नावाच्या गाडीसाठी हॅक्सकीन पॅनच्या कोरड्या तळ्यावरून तीनशेहून जास्त स्थानिक माणसांनी हाताने साडेसोळा हजार टन दगड वेचले. २०१९ मध्ये ती गाडी तिथे ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेली. दगड वेचणाऱ्यांना त्या मैलाचा कण न् कण पाठ झाला असेल. माझ्याकडे वेचायलाही मैल नाही.

त्या रात्री मी शिकंज्यात काही ठेवलं नाही. रविवारी दादांना खरं सांगायचं ठरवलं होतं, सांगाड्याचं, मैलाचं, सगळंच. फोन आला तर तेच आधी बोलले. "दिवाळीले येऊन राहिलो. पोरगी तिकीट काढून देते म्हणते. गाडी पाहूनच जाईन."

सव्वादोन महिने होते. मी रोज बारा-बारा तास काम केलं. हाताला फोड आले, चष्म्याची काच बदलली, बायकोने जेवणाचं ताट अंगणात आणून द्यायला सुरुवात केली. स्टिअरिंग खरोखर बसलं. दादा यायच्या दोन दिवस आधी सगळ्या वेल्डवर रेडऑक्साइडचा हात मारला, म्हणजे जुने आणि नवे एकसारखे दिसावेत.

धनत्रयोदशीच्या सकाळी ते काठी टेकत आले. चहाही न घेता अंगणात गेले. गुडघे वाकत नव्हते म्हणून पाटावर बसले आणि पुढच्या सांध्यावरून बोट फिरवत राहिले.

"हा केव्हा मारला?"

"मागच्या वर्षी."

त्यांनी नखाने हलकंच खरवडलं. नखावर लाल रंग आला. मग हात नळीच्या खाली घातला, जिथे ब्रश पोचत नाही, आणि मोबाइलचा उजेड पाडला. तिथे वेल्डच्या कडेला निळी-पिवळी झाक तशीच होती. आमच्याकडच्या एका पावसात ती गंजून तपकिरी होते.

"मागच्या वर्षी," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. आतून कुकरची शिट्टी झाली.

"आणखी काय काय मागच्या वर्षी झालं ते सांग."

मी सांगितलं. अकरा मिलिमीटरपासून सुरुवात केली. धावपट्टीचंही सांगितलं. ऐकताना ते सांध्याकडेच पाहत होते. मुलीने घेऊन दिलेला नवा सदरा काढून त्यांनी खुंटीवर टांगला. "ब्रेकचा कंस कुठं आहे? तो तं अजून बसलाच नाही." मी आणून दिला. त्यांनी होल्डर मागितला, तोंडासमोर काच धरली आणि उजवीकडे पहिला टाका मारला. मग पाट सरकवून मागितला आणि डावीकडे गेले.