परवाना आणि सीमोल्लंघन

फारसीत ‘परवाना’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, अधिकाऱ्याने दिलेली लेखी परवानगी. दुसरा, दिव्यावर झेप घेणारा पतंग. उर्दू शायरीने पतंग ठेवून घेतला, मराठी दफ्तराने कागद. आम्ही दोघे पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्व कडेला राहायला आल्यापासून मात्र हे दोन अर्थ वाटतात तितके लांबचे नाहीत, असे आमच्या ध्यानात येऊ लागले आहे.

आमचे गाव ईस्टन. गावाच्या पूर्वेला डेलावेअर नदी, तिच्यावर जुना पूल, पुलापलीकडे फिलिप्सबर्ग. चालत जायला फार वेळ लागत नाही; पण नदीच्या मध्यावर पेन्सिल्व्हेनिया संपते आणि न्यू जर्सी सुरू होते. आमच्यापैकी एकाजवळ अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा पेन्सिल्व्हेनियाचा परवाना आहे. तो काउंटीचा शेरीफ देतो. शुल्क वीस डॉलर, मुदत पाच वर्षे. अर्जदाराची पार्श्वभूमी आणि लौकिक तपासला जातो. पण त्याला पिस्तूल चालवता येते का, हे कोणी विचारत नाही. हाच कागद आणि हेच पिस्तूल खिशात ठेवून पूल ओलांडला, की न्यू जर्सीच्या कायद्याने तो दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा होतो. शिक्षा पाच ते दहा वर्षे, आणि त्यांतली किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना भोगावयाची. माणूस तोच, वस्तू तीच, हेतू तोच. बदललेली असते ती फक्त पायाखालची जमीन.

हा परवाना आमच्या घरात एकमताने आलेला नाही. आमच्या एका नातलगाच्या दुकानात रात्री दरोडा पडला. त्यानंतर आमच्यापैकी एकाने शस्त्राचा आग्रह धरला आणि दुसरीने विरोध केला. विरोध आजही कायम आहे. तिने त्या वस्तूला अद्याप हात लावलेला नाही. तरीही या लेखात आम्ही ‘आम्ही’ असेच लिहीत आहोत. त्याला केवळ संसार हे कारण नाही, कायद्याचेही कारण आहे. ते पुढे येईलच.

प्रथम या परवान्याच्या विचित्र स्वरूपाविषयी. तो लपवण्याचा परवाना आहे. शस्त्र कोणाला दिसू नये, शेजारी बसलेल्यालाही कळू नये, अशीच त्याची कल्पना आहे. मग परवानाधारकात आणि कमरेला चोरून पिस्तूल खोचणाऱ्या गुंडात फरक कोणता? दोघेही लपवतातच. फरक एवढाच, की पहिल्याने आपले गुपित एका श्रोत्याला आधीच सांगून ठेवले आहे. तो श्रोता म्हणजे राज्य. राज्याला सांगितलेले गुपित हे परवाना आणि न सांगितलेले गुपित हा गुन्हा. सीमा ओलांडताना नेमके हेच बिघडते. गुपित खिशात तसेच राहते, पण ज्याला ते सांगितले होते तो श्रोता मागे राहतो. नव्या राज्याला आपण काहीच सांगितलेले नसते.

अमेरिकेचा नकाशा या दृष्टीने पाहिला, तर तो अनेक मनांनी एकाच वेळी विचार करणारा देश वाटतो. व्हरमाँटने असा परवाना कधीच मागितला नाही. इलिनॉय हे लपवलेले शस्त्र बाळगू देणारे शेवटचे राज्य. तिथे २०१३ साली, तेही अपील न्यायालयाने भाग पाडल्यावर, कायदा झाला. २०२४ अखेर २९ राज्यांत परवान्याची गरजच उरली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून परवान्याची सक्ती आहे. पुढे तिथे आपल्याला शस्त्राची खास गरज आहे हे अर्जदाराला सिद्ध करावे लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ब्रुएन खटल्यात रद्द केली. पण त्या निकालाने एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यावर बंधनकारक केला नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परक्या राज्याचा परवाना आजही मानत नाहीत. तो सर्व राज्यांनी मानावा, असे विधेयक प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये संमत केले होते. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

प्रवाशांसाठी १९८६ च्या संघराज्यीय कायद्यात एक तरतूद आहे. जिथून निघालो आणि जिथे पोहोचायचे, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र पिस्तूल रिकामे हवे. पिस्तूल आणि गोळ्या, दोन्ही हाताशी येतील असे नकोत. गाडीला वेगळी डिकी नसेल, तर ते कुलूपबंद पेटीत हवे, आणि डॅशबोर्डचा खण ही पेटी मानली जात नाही. वाचायला हे सोपे वाटते. पण २००५ साली युटाहून विमानाने आमच्या शेजारच्या ॲलनटाउनला निघालेल्या एका प्रवाशाची गोष्ट ऐका. विमानाला उशीर झाला, नेवार्कला पुढची जोडणी चुकली, रात्र न्यू जर्सीतल्या हॉटेलात काढावी लागली. सामान त्याच्याजवळच होते. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे आपण होऊन सांगितले, की बॅगेत पिस्तूल आहे. त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला. पण त्याने भरपाईसाठी लावलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला, की हॉटेलातल्या त्या रात्री शस्त्र त्याच्या हाताशी होते, म्हणून १९८६ चे संरक्षण त्याला लागू होत नाही. प्रवास सुरळीत असेपर्यंतच ते संरक्षण असते. प्रवास बिघडला, म्हणजे माणसाला त्याची खरी गरज पडली, की ते सुटते.

या घटनेतले ‘आपण होऊन सांगितले’ हे शब्द आम्हांला सोडत नाहीत. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक कृष्णवर्णीय स्त्री, दोन मुलांची आई, न्यू जर्सीत गाडी चालवत असताना वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवली गेली. तिने पोलिसाला सांगितले, की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि पेन्सिल्व्हेनियाचा परवानाही आहे. तिला अटक झाली, सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार तिच्यावर आली. जनक्षोभानंतर तिला तुरुंगाबाहेरचा मार्ग देण्यात आला आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या तरुणाला पोलिसाने थांबवले. त्याने तर सीमाही ओलांडलेली नव्हती. परवाना त्याच राज्याचा होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने शांतपणे सांगितले आणि काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची सहचरी आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. २०१७ साली तो पोलीस निर्दोष सुटला.

तिघांनीही सत्य सांगितले. लपवण्याच्या परवान्याची सगळी इमारत या गृहीतकावर उभी आहे, की राज्याला सत्य सांगणारा सुरक्षित राहील. राज्यांचे नियम याबाबतीतही एकसारखे नाहीत. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात पोलिसाने थांबवताच स्वतःहून सांगणे सक्तीचे आहे. पेन्सिल्व्हेनियात विचारल्याशिवाय सांगण्याची सक्ती नाही. गाडी चालवताना नुसती वेगमर्यादा नव्हे, तर सत्य कधी उच्चारायचे याचीही मर्यादा राज्यागणिक बदलते. आमच्या रंगाच्या आणि आमच्या उच्चारांच्या माणसांनी ते वाक्य कोणत्या स्वरात उच्चारावे, हे कुठल्याच नियमपुस्तकात दिलेले नाही.

आता ‘आम्ही’विषयी. न्यूयॉर्कच्या कायद्यात एक गृहीतक आहे: मोटारीत बेकायदा पिस्तूल सापडले, तर काही अपवाद वगळता ते गाडीतल्या सर्वांच्या ताब्यात होते असे मानता येते. १९७३ साली न्यूयॉर्क थ्रूवेवर वेगासाठी एक गाडी अडवली गेली. तीत तीन पुरुष आणि एक सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या उघड्या पर्समध्ये दोन पिस्तुले होती. चौघांवरही दोष आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली त्या खटल्यात हे गृहीतक ग्राह्य ठरवले. पिस्तुलाला हात न लावणाऱ्या आमच्यातल्या ‘दुसरी’ने जेव्हा हे वाचले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सहमती विचारायची नाही, पण शिक्षा मात्र जोडप्याने.” व्याकरणात प्रथमपुरुषी अनेकवचन बोलणारा ठरवतो, इथे ते राज्य ठरवते.

या सगळ्याच्या मुळाशी शस्त्र कमी आणि विश्वास अधिक आहे. ड्रेड स्कॉट खटल्याच्या १८५७ च्या कुप्रसिद्ध निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिक मानले तर काय काय अनर्थ होईल याची यादी दिली. त्या यादीत दोन गोष्टी जवळजवळ आहेत: तो वाटेल तेव्हा कोणत्याही राज्यात जाऊ शकेल, आणि जिथे जाईल तिथे शस्त्र बाळगू शकेल. सीमा आणि शस्त्र यांची गाठ अशी जुनी आहे. १९५६ साली माँटगमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, देशी वृत्तपत्रांचा कायदा आणि हत्यारांचा कायदा एकाच वर्षी आले. हत्यारांच्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती. राज्यकर्त्याचा विश्वास कोणावर आहे आणि कोणावर नाही, याची नोंद करणारे हे दस्तऐवज आहेत. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याखालीही परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. आमच्या काकांच्या बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना जिल्ह्यापुरता होता, आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा होई. विश्वासाला हद्द असते आणि हंगामही असतो, हे आम्ही अमेरिकेत येऊन शिकलो नाही.

पण म्हणून न्यू जर्सीला खलनायक ठरवणे आम्हांला पटत नाही. पूर्वेकडच्या तीराचा युक्तिवाद आम्ही स्वतःलाच अनेकदा ऐकवला आहे. वाहनचालकाचा परवाना पन्नासही राज्यांत चालतो, मग हा का नको, असे विचारले जाते. उत्तर असे, की वाहन चालवून दाखवल्याशिवाय तो परवाना कोणत्याही राज्यात मिळत नाही. आमच्यापैकी एकाने एकही गोळी न झाडता हा परवाना मिळवला. न्यू जर्सी आपल्या रहिवाशांकडून प्रशिक्षण मागते. तिने नदीपलीकडच्या, तिने न निवडलेल्या शेरीफच्या शब्दावर का विसंबावे? परक्यावर अविश्वास दाखवणे हे नेहमीच दुष्टपणाचे नसते. दुष्टपणा सुरू होतो तो त्या अविश्वासाची किंमत साडेतीन वर्षांची ठरवली जाते तेव्हा, आणि तीही खरे बोलणाऱ्याकडून वसूल केली जाते तेव्हा.

महाभारतात विराटाच्या नगरीत शिरण्यापूर्वी पांडव आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवतात. कोणी जवळ येऊ नये म्हणून ते तिथे एक प्रेत टांगतात आणि ही आमची म्हातारी आई, असे गुराख्यांना सांगितले जाते. परक्या राज्यात निःशस्त्र जायचे आणि शस्त्र सीमेबाहेर ठेवताना खोटे बोलायचे, असा तो प्रसंग आहे. आपण दसऱ्याला त्या शमीची पूजा करतो, शस्त्रे पूजतो आणि त्याच दिवशी सीमोल्लंघनाला निघतो. आमचा दसरा बहुधा व्हरमाँटच्या वाटेवर जातो, कारण तिथली पाने त्याच सुमारास रंगतात. स्नेह्याच्या शेतावर नेमबाजीची सोय आहे. वाट न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधून जाते. दोन वेळा पिस्तूल रिकामे करून, पेटीत कुलूपबंद करून, डिकीच्या तळाशी ठेवून आम्ही गेलो. सहा तास मुक्काम न करता, वेगमर्यादेच्या खाली. त्या सहा तासांत आम्ही नेहमीपेक्षा कमी बोललो. भय दरोडेखोराचे नव्हते, पंक्चरचे होते. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूचेच संरक्षण आम्ही सहा तास करत होतो.

गेल्या वर्षी ते घरच्या तिजोरीत ठेवून निघालो. हा तत्त्वाचा विजय नव्हता, आणि कोणी कोणाला पटवलेही नव्हते. दोघांनाही रंगलेली पाने पाहायची होती, इतकेच.

परवान्याची पाच वर्षे येत्या हिवाळ्यात संपतात. नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर आहे. त्यावर सही एकाचीच लागते. शेरीफ दुसरीला काही विचारणार नाही. आम्ही मात्र यंदा ठरवले आहे, की दुसरीचा होकार मिळेपर्यंत सही करायची नाही. न्यूयॉर्कच्या कायद्याने आमच्यासाठी जे अनेकवचन गृहीत धरले आहे, ते निदान आमच्या घरात तरी विचारून वापरले जावे. ती अजून हो म्हणालेली नाही, नाहीही म्हणालेली नाही.