आकडी थांबल्यानंतर

दीड वर्षाचं मूल दुपारपर्यंत अंगणात खेळत असतं. संध्याकाळी जरा किरकिर करतं म्हणून आई मांडीवर घेते, आणि ते एकदम ताठ होतं. डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात, ओठ निळे पडतात, तोंडाला फेस येतो. तापातली आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पण तेवढ्या वेळात घरातल्या प्रत्येकानं आपलं मूल मरताना पाहिलेलं असतं. ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी अशा आईवडिलांना नंतर विचारलं, की त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं. मूल चाललं असंच वाटलं, असं अनेकांनी सांगितलं. १९८१ साली तो अभ्यास छापून आला तेव्हा डॉक्टरांनी त्याचं शीर्षकच त्या अर्थाचं दिलं होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्याकडे पोचेपर्यंत आकडी बहुधा थांबलेली असते. मूल गुंगीत असतं, थोड्या वेळानं डोळे उघडतं, आईकडे झेपावतं. अशा वेळी डॉक्टरच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं, ‘घाबरण्यासारखं काही नाही.’ हे वाक्य मी वापरत नाही. जिनं आत्ताच लेकरू हातातून गेलेलं पाहिलं, तिला ते ऐकून आपलं काहीच कळलं नाही असं वाटतं. मी आधी विचारते, ‘ताई, बाळ गेलं असं वाटलं ना?’ मग ती रडते. कधी तिच्याआधी दाराशी उभा असलेला बाप रडतो. त्या रडण्याला वेळ दिला तरच माझं पुढचं बोलणं त्यांच्या कानात शिरतं, हा माझा अनुभव आहे.

पुढचं बोलणं असं. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभर मुलांपैकी २ ते ५ मुलांना तापात अशी आकडी येते, आणि सर्वांत जास्त ती दुसऱ्या वर्षात येते. या वयात मेंदूची घडण चालू असते, काही मुलांत आकडीची प्रवृत्ती जन्मतःच असते, आणि ताप ही ठिणगी ठरते. ताप बहुधा साध्या विषाणूचा असतो. आकडी एकदाच आली, सर्वांगाला आली, पंधरा मिनिटांच्या आत थांबली आणि नंतर मूल पूर्ववत झालं, तर तिला साधी आकडी म्हणतात. ती मेंदूला इजा करत नाही. तीन मुलांपैकी एकाला ती पुन्हा कधीतरी येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते. हे मी लपवत नाही. ‘परत येणार नाही’ असं खोटं आश्वासन दिलं आणि दोन महिन्यांनी ती परत आली, तर त्या घराचा माझ्यावरचा विश्वास गेलाच, आणि ‘काहीतरी मोठं आहे, डॉक्टर सांगत नाहीत’ हा संशय कायमचा बसला.

ही प्रवृत्ती घराण्यातून येते, म्हणून मी घरात आणखी कुणाला आकडी यायची का हे विचारते. एका आजींनी बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, ‘ह्याच्या बापाला यायची की. पाच वर्सांचा होईस्तोवर.’ बाप तिशीचा, जेसीबी चालवणारा, धडधाकट गडी. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. आजींनी ते त्या काळी सासरी सांगितलं नव्हतं, कारण दोष माहेरच्या रक्तावर आला असता. सून त्यांच्याकडे बघतच राहिली. गेले चार दिवस ‘ताप होता तर औषध का नाही पाजलंस, लक्ष कुठं होतं तुझं’ हे तिनं याच घरात ऐकलं होतं.

तो आरोप किती चुकीचा आहे हे मोठ्यानं सांगायला हवं. ताप चढतोय हे कळायच्या आधीच पुष्कळ मुलांना आकडी येते; आकडी हीच तापाची पहिली खूण ठरते. आणि दर तापाला पॅरासिटामॉल वेळेवर दिल्यानं पुढची आकडी टळते का, याच्या चाचण्या झालेल्या आहेत. टळत नाही. ते औषध मुलाचं अंग हलकं व्हावं, त्यानं दोन घास खावेत म्हणून द्यायचं. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही इंजेक्शननं पडत नाही. सासूबाई आणि नवरा समोर असतानाच मी हे सांगते.

तज्ज्ञांनीही एके काळी या आकडीचा धसका घेतला होता. जुने अभ्यास मोठ्या रुग्णालयांतून आलेले असत आणि तिथं पोचत ती मुळात गंभीर मुलं. त्यामुळे तापातली आकडी म्हणजे पुढच्या अपस्माराची सुरुवात, असं चित्र तयार झालं. अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी हजारो गर्भवतींपासून सुरू झालेल्या एका पाहणीतली मुलं घेतली. त्यांतल्या १,७०६ मुलांना तापात आकडी आली होती. १९७६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी सुमारे २ टक्क्यांनाच अपस्मार झाला. पुढे ब्रिटनमध्ये १९७० साली जन्मलेल्या मुलांची दहाव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा तापात आकडी येऊन गेलेली मुलं अभ्यासात आणि वागण्यात इतरांच्या बरोबरीनंच होती.

तोवर फेनोबार्बिटोन, म्हणजे गार्डिनल, रोज पाजण्याची पद्धत मात्र रुजली होती. आपल्याकडेही घरोघरी ती बाटली असे. १९९० साली सिएटलच्या संशोधकांनी चाचणी करून दाखवलं की दोन वर्षं हे औषध घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ८.४ अंकांनी कमी निघाला, आणि आकड्या काही कमी झाल्या नाहीत. निरुपद्रवी आकडीसाठी आपण मुलांच्या बुद्धीशी खेळत होतो, आणि त्यामागे डॉक्टर आणि पालक या दोघांचीही भीती होती. म्हणून ‘काहीतरी रोजचं औषध सुरू करा’ असा आग्रह झाला की मी ठाम नाही म्हणते. ज्याला वारंवार आकडी येते त्या मुलाला तापाच्या दिवसांपुरतं औषध देता येतं.

घरात काय करायचं हे सांगताना मला कांदा आणि चप्पल यांच्याशी भांडावं लागतं. दोन्ही हुंगवल्यानं आकडी थांबत नाही. ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. खरी इजा होते ती दातात चमचा घालण्यानं, तोंडात पाणी ओतण्यानं. चमच्यानं दुधाचे दात तुटलेली, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालेली मुलं मी पाहिली आहेत. मुलाला कुशीवर करा, गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सोडवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तर १०८ ला फोन करा, आणि आम्ही वजनाप्रमाणे ठरवून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारा.

घड्याळ बघायला सांगते याला कारण आहे. तापाबरोबर येणारी प्रत्येक आकडी साधी नसते. आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव एका विषाणूला मिळालं आहे. १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तो तिथल्या रुग्णांच्या रक्तातून शोधून काढला. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू मुलांच्या मेंदूवर घाला घालतो; ताप, आकडी, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत मृत्यूसुद्धा. मेंदूज्वर आहे, मेंदूत जाणारा मलेरिया आहे. आकडी थांबून तास झाला तरी मूल शुद्धीवर नाही, एकाच बाजूला झटके आले, त्याच दिवशी पुन्हा आली, टाळू फुगली, मान ताठ झाली, मूल सहा महिन्यांहून लहान आहे, अशा वेळी मी स्वतः घाबरते आणि ती भीती उपयोगी असते. मग पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोर पांगळं होतं’ ही समजूत आमच्या भागात इतकी घट्ट आहे की मी आजोबांना बोलावून, सुई कुठं आणि कशी जाते हे त्यांच्याच कमरेवर बोट ठेवून दाखवते. मेंदूज्वर आणणाऱ्या हिब या जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलेंट या एकत्रित लसीतून सगळीकडे मिळू लागल्यापासून ही वेळ कमी येते.

दसऱ्यानंतर आमच्याकडे कारखाने पेटायची तयारी होते आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. आई पहाटे कोयता घेऊन फडात जाते, तान्हं आणि रांगतं पोर फडाच्या कडेला, मोठ्या बहिणीच्या ओटीत. अशाच एका पोराला आकडी आली तेव्हा जवळ होती ती आठ वर्षांची बहीण. तिनं किंचाळून फड गोळा केला. मुकादमाच्या मोटरसायकलवरून पोराला आमच्याकडे आणलं. मी आईला समजावलं, बापाला समजावलं. ती मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्याशी बोलायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी जवळ बोलावलं तेव्हा तिनं विचारलं, ‘मी घागर भरायला गेलते, म्हणून झालं का?’ सगळ्यात जवळून पाहिलेलं तिनं होतं, आणि सगळा दोष तिनं एकटीनं उचलला होता. ‘तू ओरडलीस म्हणून तो इथं लवकर आला,’ हे मी तिला सांगितलं. आईकडूनही तिला हेच वदवून घेतलं. तेव्हापासून आकडीचं मूल आलं की घरातली इतर मुलं कुठं होती हे मी विचारते. भावंडं रात्री दचकून उठतात, लहान भाऊ झोपला की नाकाशी बोट धरून श्वास बघतात, आणि हे मोठ्यांना माहीत नसतं.

मोबाइलनं आमचं काम बरंच सोपं केलं आहे. चित्रण असेल तर थंडी वाजून अंग थरथरणं, रडता रडता श्वास धरून काळंनिळं पडणं आणि खरी आकडी यांतला फरक कळतो. पण चित्रण करणाऱ्या बापाला नातेवाईक फाडून खातात: पोर मरायला लागलंय आणि तू शूटिंग करतोस? तो माझ्यासमोर फोन पुढं करताना खाली बघतो. मुलाला कुशीवर ठेवून, दुसऱ्या हातानं अर्धं मिनिट चित्रण करणाऱ्या माणसानं मुलाची सेवाच केलेली असते, असं मी त्या नातेवाइकांना ऐकवते.

आठ-दहा दिवसांनी मी सगळ्या घराला परत बोलावते. मूल तोवर बरं झालेलं असतं, म्हणून पुष्कळांना ही भेट अनाठायी वाटते, पण खरे प्रश्न तेव्हाच येतात. आई सांगते की ती रात्रभर कपाळावर हात ठेवून झोपते, ताप नसला तरी दर तासाला थर्मामीटर लावते. बाप कामाचं गाव बदलावं का विचारतो. पुढच्या मुलाला होईल का? दहा भावंडांत एखाद-दुसऱ्याला होतं. लस टोचायची का? टोचायचीच. मुलगी असली तर आजी आवाज खाली आणून म्हणते, ‘हे भाईर सांगायचं न्हाई न्हवं?’ सांगायचं, आणि अंगणवाडीच्या ताईंना सर्वांत आधी सांगायचं, कारण पुढची आकडी त्यांच्यासमोर येऊ शकते. मी मराठीत चिठ्ठी लिहून देते: हा अपस्मार नाही, आल्यास काय करावं, काय करू नये, कुणाला फोन करावा.

मग तपासणीच्या टेबलावर सराव. आधी आई, मग बाप, मग आजी, प्रत्येकानं मुलाला कुशीवर करून दाखवायचं आणि घड्याळात वेळ मोठ्यानं वाचायची. मुलाला हा खेळ वाटतो, ते खिदळून पालथं होतं, आजीचा हात सुटतो. आजींना मी पुन्हा करायला लावते.