राइट बॅक

२०२४ च्या एप्रिलमध्ये मुलाला घेऊन ‘मैदान’ पाहायला गेलो. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये. बाहेर पडताना मुलाने विचारलं, ‘‘पप्पा, त्या टीममध्ये मुंबईचं कोण होतं?’’

‘‘राइट बॅक,’’ मी म्हणालो.

ओ. चंद्रशेखर मूळचे केरळातल्या इरिंजालकुडाचे. पण १९५६ ते १९६६ ते मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळले आणि नंतर स्टेट बँकेकडून. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात ते होते. १९६२ मध्ये जकार्ताचं आशियाई सुवर्णपदक, १९६४ मध्ये आशियाई चषकाचं उपविजेतेपद. १९६३ ची संतोष ट्रॉफी महाराष्ट्राने जिंकली तीही त्यांच्याच कप्तानीत. त्या सुवर्णपदकात मुंबईचा आणखी एक वाटा होता, टाटांकडून खेळणाऱ्या फ्रँकोचा.

हे सगळं मला ठाऊक झालं अब्बांमुळे. अब्बा रत्नागिरीकडचे. परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. पहिली पाळी सुटली की ट्रामने फोर्टात उतरायचे आणि चालत कूपरेज गाठायचे. तिथे सगळे चेंडूमागे बघत, अब्बा मात्र राइट बॅककडे. स्वतः गिरणीच्या टीममध्ये बॅकला खेळायचे, त्यामुळे असेल.

मला सेंटर फॉरवर्ड व्हायचं होतं. अब्बा हसून म्हणायचे, ‘‘गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात रे. बॅकचं नाव निघतं ते चूक झाली तरच.’’

जकार्ताचंच बघा. ४ सप्टेंबर १९६२. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी साखळीत आपल्याला २-० हरवलं होतं. प्रेक्षागृहात लाखभर माणसं आणि बहुतेक आपल्या विरोधात. आपण २-१ जिंकलो. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगचा. जर्नेल खरा बचावपटू, पण डोक्याला टाके पडलेले म्हणून रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. म्हणजे त्या सामन्यातला जो बचावपटू सगळ्यांना आठवतो, तोही फॉरवर्ड म्हणूनच. विसाव्या मिनिटाला दोन गोल झाले होते. त्यानंतर तासाभराहून अधिक वेळ कोरियाला ज्यांनी अडवून धरलं, त्यांची गोष्ट कोण सांगतो?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अब्बांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही. आम्ही चार भावंडं. किती जण घरं विकून गावाला गेले. अब्बा गेले नाहीत. एका इमारतीत रात्रीचे वॉचमन झाले, दिवसा एका वखारीत हिशेब लिहायचे. आमची कुणाची शाळा सुटली नाही, खोली गेली नाही. जे व्हायचं होतं ते झालं नाही, आणि जे झालंच नाही त्याबद्दल मुलं बापाचे आभार मानत नाहीत.

उलट मी कॉलेजात मित्रांना सांगायचो, वडिलांचा छोटा बिझनेस आहे. एकदा रात्री मित्रांसोबत त्याच रस्त्याने येत होतो. फाटकाशी स्टुलावर अब्बा बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. माझी सोय व्हावी म्हणून. मीही तसाच पुढे निघून गेलो. घरी तो विषय कधी निघाला नाही.

२४ ऑगस्ट २०२१ ला चंद्रशेखर कोचीत गेले. शेवटची काही वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता. बातमी वाचून फोन करावा असं एकच माणूस होतं, आणि अब्बांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मॉलच्या फाटकाशी निळ्या गणवेशातला वॉचमन गाड्यांना हात करत होता. मुलाला आजवर मी एवढंच सांगितलं होतं की आजोबा गिरणी कामगार होते. त्या दिवशी परळ स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि पुढचंही सांगितलं. स्टुलाचं, मान वळवण्याचं, माझं न थांबण्याचं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दादाही बॅकच होते ना?’’

‘‘हो,’’ म्हटलं. ‘‘राइट बॅक.’’